उपकरणांची ओळख: नोंद अभेद्य, पण किल्लीचे काय?

(विशेष प्रतिनिधी)

ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. हा हल्ला घरोघरी आणि दुकानांत बसविलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांकरवी झाला होता. कारखान्यातच ठरवून दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या सुमारे ६० जोड्या वापरून ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने ती ताब्यात घेतली होती. हजारो उपकरणांचा पासवर्ड एकच असेल, तर त्यांतील एकालाही स्वतःची ओळख उरत नाही, हा त्या घटनेचा धडा होता.

त्यावर उपाय म्हणून आता दोन तंत्रे एकत्र आणली जात आहेत. पहिले तंत्र हार्डवेअरचे. प्रत्येक उपकरणातील सुरक्षित चिपमध्ये एक स्वतंत्र खासगी किल्ली असते आणि ती चिपबाहेर जात नाही. सर्व्हरने पाठविलेल्या आकड्यावर चिप डिजिटल स्वाक्षरी करते व सार्वजनिक किल्लीने तिची पडताळणी होते. दुसरे तंत्र ब्लॉकचेनचे. कोणती सार्वजनिक किल्ली कोणत्या उपकरणाची, ही नोंद एकट्या उत्पादकाकडे न ठेवता अनेक संस्थांकडे ठेवली जाते. त्यामुळे तिच्यात कोणालाही परस्पर फेरफार करता येत नाही.

तथापि, नोंद अभेद्य असली म्हणजे किल्लीही अभेद्य असते, असे नाही. २०१७ मध्ये झेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाने ‘इन्फिनिऑन’च्या काही चिपमधील दोष उघड केला. या चिपनी तयार केलेल्या सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे शक्य होते. संगणकांतील सुरक्षा चिपनाही हा दोष भोवला. एस्टोनियाला तर नोव्हेंबर २०१७ मध्ये सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. अशा चोरलेल्या किल्लीची स्वाक्षरी ब्लॉकचेनवरील नोंदीशीही तंतोतंत जुळली असती. एस्टोनिया सावरला, कारण प्रमाणपत्रे दूरस्थ पद्धतीने बदलण्याची सोय तेथे होती. भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या कॅमेऱ्याला मात्र असा जागरूक धनी क्वचितच लाभतो.

भारतात केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे अत्यावश्यक निकष अधिसूचित केले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. प्रत्येक उपकरणाची किल्ली स्वतंत्र असावी, ही त्यातील एक अट आहे. हे पाऊल योग्यच आहे. परंतु विक्रीपूर्वीची चाचणी ही केवळ सुरुवात होय. किल्ली फुटल्यास ती रद्द कोण करणार आणि नवी किल्ली किती वर्षे मिळत राहणार, याचे उत्तर खरेदीच्या करारातच असावयास हवे. महापालिका असो वा गृहनिर्माण संस्था, विक्रेत्याला ‘ब्लॉकचेन आहे का?’ असे विचारण्याआधी हा प्रश्न विचारणे अधिक हिताचे ठरेल.