मूस आणि कोयता

कुंडल-पलूसपासून विट्यापर्यंतच्या पट्ट्यात एक मत इतके मुरले आहे की ते कुणाला मत वाटतच नाही. ‘आपली पोरं परमुलखात गेली, भाषा येत नव्हती तरी दुकानं थाटली, गावाकडं बंगले बांधले. ही बीडकडची माणसं बापजाद्यापासून इथं उसाला येतात आणि अजून पाचटाच्या कोपीतच राहतात. शेवटी माणसात जिद्द लागते.’ सोसायटीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, उसाच्या फडाच्या बांधावर हे ऐकू येते. बोलणारी माणसे कष्टाळू असतात, बहुतेक सरळ मनाची असतात. तरीही हे मत चुकीचे आहे आणि त्याचा उपद्रव मोठा आहे. तोडणीचा दर, कोपीजवळचे पाणी, पोरांची शाळा असा कोणताही प्रश्न निघाला की हे एक वाक्य टाकून आपण मोकळे होतो.

आधी हा पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडू. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा पर्जन्यछायेचा मुलूख. जमीन आहे, पाणी नाही. इथली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरली आणि कोइम्बतूर, त्रिशूरपासून कोलकाता, दिल्लीपर्यंत पोचली. तमीळ, मल्याळम कानांवरही पडलेली नव्हती, ती शिकली. सरकारने त्यांना अनुदान दिले नाही, कुणी वसाहत बांधून दिली नाही. दुसरीकडे बीड, पाथर्डी, शेवगावचा मुलूखही तसाच कोरडा. १९७२च्या दुष्काळाने दोन्हीकडची घरे सारखीच उठवली. ऊसतोड मजुराला तर भाषाही बदलावी लागत नाही, राज्यही ओलांडावे लागत नाही आणि हंगामाआधीच हातात उचलीची मोठी रक्कम पडते. दुष्काळ एक, काळ एक, मग फळ वेगळे का? फरक माणसातच असला पाहिजे. युक्तिवाद असा आहे आणि वरवर तो बिनतोड दिसतो.

त्याचे पहिले गृहीतकच टिकत नाही. दोघे एका दुष्काळातून निघाले हे खरे, पण ते एका दाराने बाहेर पडले नाहीत. गलाईला जाणारा मुलगा मामाकडे, चुलत्याकडे, भावकीतल्या कुणाकडे तरी जातो. दुकानातच जेवतो, दुकानातच झोपतो. सुरुवातीला भट्टी पेटवतो, धातू वितळवायची मूस उचलायला शिकतो, सोनाराच्या दुकानातल्या केरातून सोन्याचा कण वेगळा काढायला शिकतो. मग तेजाबाचे काम, मग टंच, म्हणजे सोन्याचा कस, ओळखणे. हे कसब एकदा हातात आले की कुणी काढून घेऊ शकत नाही. काही वर्षांनी तोच मामा दुसऱ्या गावात जागा बघून देतो, भांडवलाला हातभार लावतो आणि तिथल्या सोनाराला शब्द देतो, ‘पोरगं आमचं आहे, सोनं द्या.’ सगळा धंदा त्या शब्दावर उभा आहे. परगावचा सोनार आपले सोने अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. तो देतो ते भावकीच्या हमीवर. या मुलाची मेहनत खरी आहे, आणि तिच्या पाठीशी कसब, पत आणि नाते उभे आहे हेही खरे आहे. नोकर म्हणून गेलेला माणूस मालक होऊ शकेल अशी वाट त्या धंद्यातच आहे.

कोयत्याला अशी वाट नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे, मार्च-एप्रिलपर्यंत फडाफडांतून फिरायचे. वीस वर्षे ऊस तोडला तरी विसाव्या वर्षी जो दर मिळतो तोच पहिल्या वर्षीच्या पोराला मिळतो. हात सरावतो, कंबर मात्र जाते. फार तर एखादा टोळीतून वर येऊन मुकादम होतो, तोही दुसऱ्यांची उचल डोक्यावर घेऊन.

आता हिशेब मांडू, कारण जिद्दीच्या गप्पा हिशेबापाशीच थांबतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. धडधाकट जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडून, साळून, मोळ्या बांधून वाहनात भरला असे धरा. म्हणजे ७३२ रुपये, दोघांत मिळून. माणशी ३६६. पहाटेपासून फडात, आणि वाहन रात्री आले तर भरणी रात्री. हंगामात प्रत्यक्ष तोडीचे १३० दिवस मिळाले असे धरू; पाऊस, आजारपण, कारखान्याचा बंद यांतून तेवढे मिळाले तर नशीब. टनेज २६०, मजुरी ९५,१६०. जोडप्याने लाखाची उचल घेतली असेल तर हंगाम संपताना ते अजून जवळजवळ पाच हजारांचे देणे लागते, आणि मधल्या काळातली पंधरवड्याची खर्ची वेगळी. खाडा झाला की तोही कापला जातो. उसाचे वाडे विकून चार पैसे येतात, ते तेल-मिठाला जातात. हे देणे पुढच्या उचलीत मिळवले जाते आणि पुढच्या दिवाळीला ते जोडपे पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभे राहते. यात जिद्द नेमकी कुठे घालायची? तीन टन तोडून? कंबर आणि कोयता दोघांनाही मर्यादा आहेत.

‘लाखाची रक्कम एकदम मिळते, तिचा धंदा का करत नाहीत?’ असे विचारणारे भेटतात. उचल हे भांडवल नव्हे. न केलेल्या कामाची ती मजुरी आहे आणि हातात पडायच्या आधीच ती लग्नात, दवाखान्यात, मागच्या फिटायच्या राहिलेल्या देण्यात खर्च झालेली असते. गलाईवाल्याला मिळालेली उसनवार फेडायला धंदा असतो. उचल फेडायला फक्त शरीर असते.

इथे आपल्या भागातल्या वाहनमालकांची तक्रार येते आणि ती ऐकलीच पाहिजे. ट्रॅक्टर कर्जाने घ्यायचा, मुकादमाला टोळीसाठी लाखो रुपये द्यायचे आणि ऐन हंगामात टोळी येतच नाही. सांगली-कोल्हापूर भागात कितीतरी तरुण यात बुडाले, काहींच्या जमिनी गेल्या. हा अन्याय खरा आहे. पण तो कशाचा पुरावा आहे? मजूर लबाड आहेत याचा, की कागद नसलेल्या, पावती नसलेल्या, मधल्या माणसाच्या भरवशावर चाललेल्या व्यवहारात देणारा आणि राबणारा दोघेही बुडतात याचा? कित्येकदा वाहनमालकाने दिलेली रक्कम आणि जोडप्याच्या हाती पडलेली रक्कम यांचा मेळच बसत नाही. फसलेल्या वाहनमालकाने मजुराला शिव्या देण्यापेक्षा उचलीची पद्धतच मोडायला पुढे यावे, कारण तीत त्याचाही जीव अडकला आहे.

मग संस्काराचा मुद्दा निघतो. जात, घराणे, वळण. गलाईत मराठा समाज मोठा आहे, म्हणून काही जण सूचकपणे बोलतात. त्यांनी टोळ्यांमध्ये जाऊन आडनावे विचारावीत. वंजारी, बंजारा, दलित, धनगर यांच्या जोडीला बीड-जालन्याचे मराठेही कोयता घेऊन आलेले दिसतील. देव तेच, सणवार तेच, सोयरिकीच्या रीतीही त्याच. एकाच समाजाचा माणूस त्रिशूरला दुकानाचा मालक आणि कुंडलच्या शिवारात कोपीत असेल, तर संस्काराला या फरकाचे कारण म्हणता येत नाही.

दारूचा आरोपही होतो; त्याबद्दल एवढेच की ती कोपीत आहे तशी बंगल्यातही आहे. बंगल्यातली दिसत नाही.

परदेशातही हाच वाद होत आला आहे आणि त्याचा निकाल आपल्याला उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये जमैकन आणि बांगलादेशी या दोन स्थलांतरित समाजांची तुलना बोलकी आहे. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज आले आणि त्यानंतर जमैकाची माणसे मोठ्या संख्येने जाऊ लागली. त्यांची भाषा इंग्रजी, नागरिकत्व ब्रिटिश, आणि बायकाही रुग्णालयांत पगारावर. बँका घराला कर्ज देईनात तेव्हा त्यांनी आपल्या भिशीसारखा ‘पार्डनर’ चालवला आणि त्यातून घरे घेतली. बांगलादेशी प्रामुख्याने सिल्हेटचे. आधी जहाजांवर, मग लंडनच्या शिवणकामाच्या कारखान्यांत आणि उपाहारगृहांत राबणारे. कुटुंबे मागाहून, सत्तर-ऐंशीच्या दशकांत आली. कमावता एक, खाणारी तोंडे अनेक, भाषा परकी. ते सर्वांत गरीब राहिले आणि ‘यांच्या संस्कृतीतच शिक्षण नाही’ असे तिथलेही शहाणे म्हणू लागले. त्यांची मोठी वस्ती असलेल्या टॉवर हॅम्लेट्सच्या शाळा १९९७ मध्ये इंग्लंडच्या यादीत तळाला होत्या. मग तिथे पैसा ओतला गेला, चांगले शिक्षक नेमले गेले. वीस वर्षांच्या आत बांगलादेशी वंशाच्या मुलांचे शालान्त निकाल गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीच्या पुढे गेले. कॅरिबियन वंशाची मुले, ज्यांच्या आजोबांना भाषेचा आणि नागरिकत्वाचा आधार होता, ती सरासरीच्या मागे राहिली. शिक्षणात पुढे गेलेल्या त्याच बांगलादेशी घरांत गरिबीचे प्रमाण मात्र अजून मोठे आहे, कारण पगार आणि घरभाड्याचा प्रश्न शाळेने सुटत नाही. धर्म तोच, घरातली भाषा तीच, आणि एका पिढीत क्रम उलटा झाला. संस्कृती हेच कारण असते तर असे घडले नसते.

टॉवर हॅम्लेट्सचा मुलगा वर्षभर एका शाळेत बसला. त्रिशूरला वाढलेला गलाईवाल्याचा मुलगाही बसला. ऊसतोड्याचा मुलगा दिवाळीला शाळा सोडतो आणि उन्हाळ्यात परततो. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांची नावे आपण ऐकतो, पण मूल बसते फडाच्या कडेला, धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन. ‘बापजाद्यापासून इथं येतात’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. ते येतात आणि परत पाठवले जातात. तीन पिढ्या एका जागी राहायला कुणी दिलेलेच नाही. मुळाला माती मिळाल्याशिवाय झाडाला दोष देता येत नाही.

कायद्यानेही ऊसतोड मजुरांना गाळले आहे. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी होता. बीडचा माणूस सांगलीला आला तर तो त्याच्या बाहेर. आणि बाईचे तर नावच कुठे नव्हते. मजुरी ‘कोयत्याची’, म्हणजे नवऱ्याच्या हातात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, दुखणे अंगावर काढले जाते आणि मग दवाखाना हाच तोडगा सांगतो. हे आकडे वाचूनही ज्याला जिद्दीचे प्रवचन सुचते, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

गलाईवाल्यांची बाजूही पुरी सांगितली पाहिजे, कारण ‘जिद्दीची कहाणी’ त्यांच्यावरही अन्याय करते. तेजाबाच्या वाफेने छाती भरते. सोने जवळ असते म्हणून दरोड्याची भीती असते. चोरीचे सोने वितळवले असा आरोप ठेवून परराज्याचे पोलीस दारात उभे राहतात. जे बुडाले, परत आले, तिकडेच हरवले, त्यांचे बंगले गावात दिसत नाहीत. यात्रेच्या वर्गणीत मोठा आकडा टाकणारा दिसतो आणि आपण त्याच्यावरून साऱ्यांचा हिशेब करतो.

खंडन झाले. आता बाजू मांडायची ती अशी की ज्या तीन गोष्टींनी गलाईवाला उभा राहिला त्या कसब, पत आणि मालकीची वाट याच गोष्टी तोडणीच्या कामात आणता येतात, आणि कुंडलने त्या आणाव्यात. कुंडलनेच का, याला कारण आहे. १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिशांना आव्हान देणाऱ्या सातारच्या प्रतिसरकारचे हे मोठे ठाणे होते. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना इथून उभी राहिली, आणि लोकन्यायालयांत सावकारीच्या जाचाचे निवाडे झाले. सावकाराच्या वहीत माणूस गहाण पडू नये यासाठी ज्या गावाने रक्त सांडले, त्याच्या शिवारात उचलीच्या वहीत जोडपी गहाण पडावीत हे शोभत नाही. बापूंचे नाव लावलेला कारखाना सहकारी आहे. म्हणजे तो आपला आहे आणि निर्णयही आपल्याच हातात आहे.

तोडणीची मजुरी नवरा आणि बायको यांच्या स्वतंत्र बँक खात्यांवर जमा करावी आणि दर पंधरवड्याला टनेजची छापील पावती हातात द्यावी. उचल द्यायचीच तर ती लेखी, मर्यादित आणि थेट मजुराला. मुकादमाचे टक्के कामाच्या देखरेखीचे असावेत, माणसे बांधून ठेवण्याचे नसावेत. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्था रस्ते आणि बंधारे बांधतात. मग तोडणी आणि वाहतुकीची संस्था मजुरांची का असू नये? हा प्रश्न आता तातडीचा आहे, कारण ऊसतोडणी यंत्रे वेगाने येत आहेत. अनुदानाची यंत्रे फक्त पैसेवाल्यांच्या दारात उभी राहिली, तर कोयता जाईल आणि कोयत्याबरोबर माणूसही फेकला जाईल. ज्यांनी पन्नास वर्षे ऊस तोडला त्यांच्या मुलांना ते यंत्र चालवायला शिकवा, त्यांच्या संस्थेच्या नावावर ते घेऊ द्या. मामाने भाच्याला मूस हातात दिली, ती हीच गोष्ट होती.

टेंभू आणि ताकारीच्या पाण्याने आता दुष्काळी शिवारातही ऊस आला आहे. ज्यांचे घर कोइम्बतूरला आहे त्यांच्या गावाकडच्या शेतात बीडचे जोडपे तोडायला येते. परमुलखात भाड्याच्या खोलीत पाच-सहा जणांनी काढलेले दिवस या कुटुंबांना माहीत आहेत, म्हणून पहिली अपेक्षा त्यांच्याकडूनच आहे. त्यांनी आपल्या वजनाचा उपयोग इथे करावा. सप्टेंबरमध्ये कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. सभासद म्हणून हात वर करा आणि तोडणी मजुरांच्या स्वतंत्र खात्यांचा, कोप्यांच्या तळावर पाणी, वीज आणि संडासाचा, मुलांच्या वसतिगृहाचा ठराव लेखी मांडा. मजुरांचे सभेत मत नाही. तुमचे आहे.