चित्रफितीत न दिसणारे तास

वृद्धांची आणि आजाऱ्यांची त्यांच्या घरी जाऊन किंवा घरीच राहून शुश्रूषा करणाऱ्या कंपन्या कामगार मिळविण्यासाठी आता चित्रफिती काढतात. ब्रिटनमध्ये या प्रकाराने चांगलेच मूळ धरले आहे. साचा ठरलेला असतो: खिडकीतून येणारे कोवळे ऊन, आजीबाईंचा सुरकुतलेला हात हातात घेतलेली हसरी सेविका आणि पैशापेक्षा समाधान मोठे, अशा अर्थाचे चार शब्द. यातील माया खोटी असते असे म्हणण्याचे कारण नाही. शुश्रूषेला माया लागते, आणि ती करणाऱ्यांजवळ असतेही. आक्षेप आहे तो त्या मायेआड जे झाकले जाते त्याला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारनेच या क्षेत्रातील भरतीसाठी मोठी प्रचारमोहीम काढली. तरीही २०२१-२२ साली इंग्लंडात प्रौढांच्या शुश्रूषाक्षेत्रात सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. मागणी असून माणसे मिळत नसतील तर मजुरी वाढली पाहिजे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. येथे तो लागू पडला नाही. स्थानिक स्वराज्य संस्था ही सेवा बहुतांशी खाजगी कंपन्यांकडून विकत घेतात, आणि त्यांना मिळणारा निधी अपुरा असतो. त्यातून कंपनीचा नफा वजा झाल्यावर उरेल ते कामगाराचे. तेव्हा टुंचाई दयाळू माणसांची नव्हती, न्याय्य मोबदल्याची होती. आणि ती चित्रफितीने भरून निघणे शक्य नव्हते.

घरी राहून काम करणारीला ‘तुम्ही कुटुंबातल्याच’ असे सांगितले जाते. या गोड शब्दांची किंमत ब्रिटिश कायद्याने दाखवून दिली आहे. मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगाराला कुटुंबातील माणसाप्रमाणे वागविले जात असेल, तर त्याला किमान वेतन देण्याची सक्ती तेथे नव्हती. ही पळवाट १ एप्रिल २०२४ रोजी बंद झाली. रात्रपाळीची गोष्टही अशीच. कामाच्या जागी झोपण्याची मुभा असलेल्या सेविकेचे केवळ प्रत्यक्ष कामासाठी जागे राहिलेले तास किमान वेतनासाठी धरावयाचे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. रात्रभर कान उघडे ठेवून पडणे हे हिशेबात काम ठरले नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये या कामासाठी परदेशी कामगारांना दार उघडण्यात आले. भारत, नायजेरिया, झिंबाब्वे येथून हजारो माणसे गेली. अनेकांनी दलालांना मोठ्या रकमा मोजल्या. काहींना तेथे पोचल्यावर पुरेसे कामच मिळाले नाही. परवाना मालकाशी बांधलेला असल्याने तक्रार करणे म्हणजे देशात राहण्याचा हक्क पणाला लावणे होते. मार्च २०२४ मध्ये कुटुंबीयांना सोबत नेण्यास बंदी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबली. दुसऱ्यांच्या आईवडिलांची सेवा करावयाची, पण स्वतःची मुले मागे ठेवून, ही अट एकाही हसऱ्या चित्रात दिसली नसती.

हे सर्व दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबई-पुण्यातील ब्यूरोही ‘चोवीस तासांची बाई’ पुरवितात, आणि त्या शब्दांतच कामाच्या तासांचा प्रश्न निकालात काढलेला असतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण कल्याण मंडळ म्हणजे कामाच्या तासांची मर्यादा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या कराराने घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती आणि कामाच्या अटी समजेल अशा रीतीने आधी सांगण्याचे बंधन घातले. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, परंतु त्याला मान्यता मात्र दिलेली नाही.

कार्यकर्त्यांनी येथूनच सुरुवात करावी. भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत, मग ती छापील असो वा चित्रित, मजुरी, कामाचे तास, रात्रीचा हिशेब, साप्ताहिक सुट्टी आणि ब्यूरोचा वाटा स्पष्ट सांगितला पाहिजे आणि तो करार म्हणून बंधनकारक मानला गेला पाहिजे, ही मागणी संघटनांनी लावून धरावी. एकेका बंद घरात एकट्या पडलेल्या या कामगारांना गाठणे कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्याहून कठीण आहे. म्हणूनच ते काम अधिक निकडीचे आहे.