लिटरभर लाल तेलाचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबाची इनोव्हा गेल्या पावसाळ्यापासून तक्रार करू लागली होती. गोदामाच्या अरुंद गल्लीत वळताना स्टिअरिंग जड लागे आणि चाक पूर्ण वळवले की बॉनेटखालून एक लांबट, रडका आवाज येई. सत्तरी ओलांडलेल्या आप्पांचा उजवा खांदा त्यामुळे दुखू लागला, तेव्हा मुलाने गाडी गॅरेजात दाखवली. तेथले निदान दोन शब्दांचे होते : पंप आणि रॅक. दोन्ही नवे बसवायचे, आणि खर्चाचा आकडा पाच अंकी.

आप्पांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि एवढेच विचारले, "स्टिअरिंगचं तेल शेवटचं कधी बदललं होतं?"

याचे उत्तर मुलाकडे नव्हते, चालकाकडे नव्हते आणि गाडीच्या फायलीतही नव्हते. 2012 साली घेतलेल्या त्या गाडीच्या इंजिन ऑइलच्या 13 वर्षांच्या पावत्या क्रमवार लावलेल्या होत्या. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची मात्र एकही पावती निघाली नाही.

ही अवस्था बहुतेक घरांतील आहे. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलले जाते, कारण सर्व्हिसिंगच्या बिलावर त्याचा रकाना असतो. ब्रेक ऑइलचे नाव निदान कानावरून गेलेले असते. स्टिअरिंगचे तेल मात्र टाकीत भरल्या दिवसापासून विस्मरणात जाते. काही उत्पादकांनी ते बदलण्याची मुदतच छापलेली नसते, म्हणून ते जन्मभर टिकते असा समज रूढ झाला आहे. तेल जन्मभर टिकते खरे, पण कोणाच्या जन्मभर, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या तेलाचे काम समजून घेतले तर त्याची उपेक्षा किती महाग पडते ते कळते. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा एक छोटा पंप हे तेल दाबाने ढकलतो. चालकाने चाक वळवले की स्टिअरिंगच्या दांड्यावरील झडप किंचित फिरते आणि दाबाखालचे तेल रॅकच्या डाव्या किंवा उजव्या बाजूस सोडते. पुढची चाके वळवण्याचे मुख्य बळ ते तेल देते, हात केवळ दिशा देतात. चाक टोकापर्यंत वळवून धरले की हा दाब टायरातील हवेच्या दाबाच्या तीस पटींच्याही वर जातो. हेच तेल पंपाला वंगण घालते, रबरी सीलांना मऊ ठेवते आणि उष्णताही वाहून नेते. वर्षानुवर्षे तापून ते काळवंडते, त्यातील संरक्षक द्रव्ये संपतात, पंपाच्या झिजेची बारीक धातूची भुकटी त्यात मिसळते. मग तीच भुकटी सीलांवर कानशीसारखी चालते. 13 वर्षांचे तेल बदलायचे न सुचता पंप आणि रॅक बदलायचे सुचावे, हा उलटा व्यवहार म्हणावा लागेल.

ही व्यवस्था फार प्राचीन नाही. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग मोटारीत बसवून दाखवले, पण सामान्य ग्राहकाला ते विकत मिळू लागले 1951 मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत. 1988 मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर वापरली. आज आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींचे स्टिअरिंग विजेवर चालते. त्यांत हे तेल नसतेच. तेव्हा हा लेख वाचून कोणी नव्या गाडीचे बॉनेट उघडून टाकी शोधत बसू नये. जुनी इनोव्हा, बोलेरो, पहिल्या पिढीतील स्कॉर्पिओ अशा, व्यापारी घरांत अजून इमाने इतबारे राबणाऱ्या गाड्यांचा हा विषय आहे.

त्या रविवारी आप्पांनी नातीला हाताशी घेतले. ती वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला, आणि गाडी चालवण्यात घरात सर्वांत उत्साही. पहिले काम त्यांनी तिला दिले ते गाडीचे माहितीपुस्तक वाचण्याचे. या गाडीसाठी डेक्स्रॉन दोन किंवा तीन प्रतीचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल वापरावे, असे त्यात होते. हे तेल लाल असते.

तेलाची जात हा या कामातील सर्वांत नाजूक भाग. शेजाऱ्याच्या गाडीला चालले ते आपल्याला चालेल, असा हिशेब येथे चालत नाही. होंडाच्या जुन्या सिटी गाडीला कंपनीचे स्वतंत्र तेल लागते. 2001 साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियात हिरवे तेल असे. रंग ही ओळखीची खूण आहे, प्रमाण नव्हे. प्रमाण माहितीपुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर कोरलेल्या अक्षरांतच शोधावे.

नात डिकीतून एक अर्धी बाटली घेऊन आली. "आप्पा, हे शिल्लक आहे, हे आधी संपवू या का?"

ती ब्रेक ऑइलची बाटली होती. आप्पांनी ती हातातून घेतली आणि काही न बोलता ओसरीवरच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली. नंतर तिला जवळ बसवून कारण सांगितले. ब्रेकमध्ये घालतात त्याला आपण ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉलपासून बनवलेले द्रव्य आहे, खनिज तेल नव्हे. ते स्टिअरिंगमध्ये गेले तर तेथले सील बिघडतात आणि गॅरेजवाल्याचे पाच अंकी निदान खरे ठरते. उलट चूक याहून भयंकर. स्टिअरिंगचे तेल ब्रेकच्या टाकीत पडले तर ब्रेकमधील रबर फुगते आणि पुढे कधीतरी ब्रेक लागत नाही. एकाच बॉनेटखाली या दोन टाक्या असतात आणि भरणाऱ्याचा हात एकच असतो. ज्याच्या हातून अशी चूक झाली असेल त्याने इंजिन सुरू न करता, गाडी न हलवता, जाणकाराला बोलवावे. येथे लपवाछपवी किंवा काटकसर दोन्ही करू नये.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले. औषधांच्या दुकानातून आणलेली 50 मिलीलिटरची सुईविना सिरिंज, तिला जोडलेली पातळ नळी, मापाचा जुना प्लास्टिकचा पेला, सुती फडकी आणि दोन लिटर नवे तेल, एवढेच साहित्य. गाडी सपाट फरशीवर, हॅण्डब्रेक ओढलेला, इंजिन गार. झाकण उघडण्याआधी टाकीभोवतालची धूळ पुसून घेतली, कारण आत गेलेला कचरा बाहेर येत नाही. नातीने ओढणी काढून ठेवली, केस बांधले. इंजिन सुरू असताना पट्टा आणि पंखा यांच्या जवळ सैल वस्त्र असू नये, ही आप्पांची अट होती.

सिरिंजने टाकीतील तेल उपसले. लाल असायला हवे ते तेल काळ्या चहासारखे निघाले आणि त्याला करपट वास होता. पेल्यात ते 300 मिलीलिटरच्या आसपास भरले. तेवढेच नवे तेल टाकीत घातले, इंजिन सुरू केले आणि चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा फिरवले. टोकाला पोचल्यावर चाक दाबून धरायचे नाही, लगेच परतवायचे, कारण तेथेच दाब सर्वाधिक असतो. इंजिन बंद करून पुन्हा उपसले, पुन्हा भरले.

परतीची नळी काढून सारे तेल एकदम बाहेर काढण्याची दुसरी रीतही आहे. ती अधिक स्वच्छ, पण तीत दोन माणसांचा मेळ लागतो आणि भरणाऱ्याचा हात क्षणभर मागे पडला तर पंप कोरडा फिरतो. घरच्या घरी करणाऱ्याने सिरिंजचीच रीत धरावी. जॅक लावून पुढची चाके उचलली तर ती हलकी फिरतात हे खरे, परंतु पंक्चर काढण्याच्या जॅकवर गाडी उचलून तिच्याभोवती वावरणे धोक्याचे आहे. आप्पांनी तो विचारच केला नाही.

तिसऱ्या खेपेला नातीने शंका काढली. टाकीत 300 मिलीलिटर, पण पंप, नळ्या आणि रॅक धरून सगळे तेल लिटरभर. मग आपण प्रत्येक वेळी नव्यात जुने मिसळूनच काढत नाही का? आप्पांना या प्रश्नाचा आनंद झाला. त्यांनी तिला तिच्याच अभ्यासातील घसाऱ्याची आठवण करून दिली, ऱ्हासमान शेष पद्धतीची. प्रत्येक खेपेला शिलकीतील जुन्या तेलापैकी 30 टक्के निघते. पहिल्या खेपेनंतर जुने उरते 70 टक्के, दुसरीनंतर 49, तिसरीनंतर सुमारे 34, चौथीनंतर 24, पाचवीनंतर 17. शून्य कधीच येत नाही. गाडीच्या पुस्तकी किमतीचेही तसेच. प्राप्तिकराच्या नियमाने दरसाल 15 टक्के घसारा काढत गेले तर 13 वर्षांनी मूळ किमतीच्या एक अष्टमांशाहून थोडे कमी मूल्य वहीत उरते, आणि तरीही ती गाडी पूर्वीइतकीच माणसे वाहून नेते.

पाच खेपांत दीड लिटर नवे तेल लागले. शेवटी उपसलेले तेल पेल्यात जवळजवळ पहिल्यासारखे लाल दिसत होते. हे सारे एका दिवसात करावे असेही नाही. रोजच्या वापरात तेल आपोआप मिसळते, त्यामुळे दोन-दोन दिवसांच्या अंतराने एकेक खेप केली तरी फळ तेच मिळते.

आता हवेची गोष्ट. तेल उपसता-भरताना नळ्यांत हवा शिरते आणि तेल फेसाळते. फेसाळलेले तेल दाब धरत नाही, आणि तो रडका आवाज बहुधा त्यातूनच येतो. उपाय सोपा आहे. इंजिन बंद ठेवून चाक टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे, बुडबुडे टाकीत वर येतात. नंतर इंजिन सुरू करून तेलाची पातळी पाहावी. टाकीवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतील तर इंजिनच्या अवस्थेप्रमाणे खूण धरावी. काठोकाठ भरू नये, तापल्यावर तेल फुगते.

इथपर्यंत सगळे सुरळीत झाले, पण आप्पांचे समाधान झाले नव्हते. सुरुवातीला टाकीतील पातळी खालच्या खुणेच्या खाली होती. हे तेल इंजिनातील तेलासारखे थोडेथोडे जळून संपत नाही. ते बंद वळणात फिरते. म्हणजे कमी झाले असेल तर कोठेतरी गळते आहे. रोकड कमी भरली म्हणून त्यात पदरचे पैसे घालून हिशेब जुळवणारा गुमास्ता जसा कोणी ठेवणार नाही, तसेच नुसते तेल वाढवत राहणेही चालत नाही. त्यांनी रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर रुपयाएवढे दोन लाल डाग होते, रॅकच्या खाली नव्हे तर टाकीच्या बाजूला. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप सैल झाली होती. तेथून तेल झिरपत होते आणि तेथूनच पंप हवा ओढत होता. कोपऱ्यावरच्या फिटरने चहाचा पेला संपायच्या आत क्लिप बदलून दिली.

प्रत्येक घरी शेवट असाच होईल असे नाही. रॅकचे सील खरोखर फाटले असतील, तिच्या दोन टोकांच्या रबरी भात्यांत तेल साचले असेल, तर नवे तेल काही करू शकत नाही आणि खर्च अटळ असतो. मात्र तो खर्च करण्याआधी तेल आणि क्लिपा पाहून झालेल्या असाव्यात.

या निमित्ताने आणखी एक सवय सांगायला हवी. डिझेल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करणारे चालक अजूनही आहेत. आंबा घाटातून रत्नागिरीकडे माल पोचवून आलेल्या एका चालकाने तर ते आप्पांनाच अभिमानाने सांगितले होते. इंजिन थांबले की पंप थांबतो आणि स्टिअरिंग त्या क्षणी दगडासारखे जड होते. चाके हाताच्या जोरावर वळतात, पण ऐन वळणावर तेवढा जोर लावायला वेळ मिळतोच असे नाही. ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन वेळा पाय दाबताच संपते. वाचलेले डिझेल काही रुपयांचे असते. पट्टा तुटला तरी स्टिअरिंग असेच एकाएकी जड होते. तेव्हा घाबरून न जाता दोन्ही हातांनी चाक घट्ट धरावे आणि गाडी कडेला घ्यावी. स्टिअरिंग तुटलेले नसते, फक्त साहाय्य गेलेले असते.

उपसलेले दीड लिटर काळे तेल नातीने जुन्या कॅनमध्ये भरले. ते गटारात किंवा मागच्या अंगणात ओतायचे नव्हते. मातीत झिरपले की तिथल्या किडामुंगीपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत त्याचा त्रास पोचतो. यार्डाबाहेरचा एक गॅरेजवाला वापरलेले तेल पुनर्प्रक्रियेसाठी जमा करतो, त्याच्याकडे कॅन गेला.

सोमवारी सकाळी आप्पांनी स्वतः गाडी गोदामाच्या गल्लीत घातली. चाक पूर्ण वळले, आवाज आला नाही. संध्याकाळी नातीने गाडीच्या फायलीत नवे पान लावले : तारीख, किलोमीटर, तेलाची जात, पाच खेपा, दीड लिटर, एक क्लिप. आप्पांनी चष्मा लावून ते वाचले आणि खाली पेन्सिलीने भर घातली, "शिल्लक अर्धा लिटर, ओसरीवरील कपाट, खालची फळी. ब्रेक ऑइल वरच्या फळीवर."