ढोलकी एकच होती

सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचा एक कार्यक्रम मध्यंतरी पुण्यात ऐकला. पूर्वार्धात 'घाशीराम', 'सामना', 'जैत रे जैत'. उत्तरार्धात 'पिंजरा', 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार'. मध्यंतरानंतर निवेदक म्हणाले की आता जरा अभिरुची बाजूला ठेवू आणि गंमत ऐकू. सभागृह हसलं. मागे ढोलकीवर बसलेला माणूस दोन्ही अर्धांत तोच होता. त्याने 'घाशीराम'ला जशी थाप दिली तशीच 'सोंगाड्या'लाही दिली.

निवेदकाचं ते वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. या शहरात ते पन्नास वर्षं बोललं जातंय. सत्तरच्या दशकात पुण्यात दोन प्रवाह होते, असं त्यात गृहीत असतं. एक वरचा: थिएटर अ‍ॅकॅडमी, फिल्म इन्स्टिट्यूट, तेंडुलकर, जब्बार पटेल. दुसरा खालचा: दादा कोंडके, चित्रपटातल्या लावण्या, पिटातल्या शिट्ट्या. पहिल्याने मराठी मन घडवलं, दुसऱ्याने बिघडवलं. हे म्हणणाऱ्यांपाशी आधार नाहीत असं नाही. दादांच्या चित्रपटांची नावं पुढे पुढे कशी होत गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि द्वयर्थाची ती वाट ऐंशीच्या दशकात हिंदीपर्यंत जाऊन पोचली. उलट 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. दादांचे चित्रपट आणि 'सामना' एका तराजूत घालायचे का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर नाही.

पण माझी हरकत मोजमापाला नाहीच. हे दोन वेगळे प्रवाह होते, या समजुतीला माझी हरकत आहे. ती समजूत खोटी आहे आणि तिने आपलं नुकसान केलंय.

निळूभाऊंपासून सुरुवात करू. निळू फुले पुण्याचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले. १९७१ साली 'सोंगाड्या'त ते दादांबरोबर होते. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'चा सखाराम त्यांनीच उभा केला आणि त्याच वर्षी 'पिंजरा'तही ते होते. मग 'सामना'तला हिंदुराव. आता मला सांगा, हा नट नेमका कोणत्या दिवशी खालच्या प्रवाहातून वरच्या प्रवाहात चढला? सखारामची ती सैल, बेफिकीर उभं राहण्याची ढब त्यांनी कुठल्या नाट्यशाळेत घेतलेली नव्हती. ती वगाच्या रंगमंचावरून, 'कथा अकलेच्या कांद्याची'च्या प्रयोगांतून आली होती.

उषाताई मंगेशकरांचंही तसंच. 'सोंगाड्या' आणि 'पिंजरा' या दोन्हींतल्या, रामभाऊ कदमांनी बांधलेल्या लावण्या त्यांच्या आवाजात घरोघर गेल्या. त्याच उषाताईंनी १९७७ साली 'जैत रे जैत'ची निर्मिती केली. महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, गोनीदांची कादंबरी, ठाकरांचं जगणं. जगदीश खेबुडकरांनी 'पिंजरा'ची गाणी लिहिली, आणि 'सामना'त लताबाईंनी गायलेलं गाणंही त्यांचंच. 'पिंजरा'चे संवाद लिहिणारे शंकर पाटील पुढे १९८५ साली नांदेडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढी माणसं दोन्हीकडे एकाच वेळी असतील, तर मधली भिंत नंतर कुणीतरी बांधली असं म्हणावं लागतं.

माणसं एक असली तरी कलाकृती वेगळ्याच होत्या, असं यावर कुणी म्हणेल. वेगळ्या होत्या खऱ्या. पण त्या कशाबद्दल होत्या ते एकदा बघा. 'सोंगाड्या'तला नाम्या भोळा पोरगा, तमाशाच्या नादी लागतो म्हणून आई त्याला घराबाहेर काढते. 'पिंजरा'तला मास्तर गावाचा आदर्श, तमाशा हद्दपार करायला निघालेला. तोच शेवटी फडात तुणतुणं घेऊन उभा राहतो, आणि गाव त्याच्या पुतळ्यापुढे हात जोडत असताना स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगतो. आणि 'घाशीराम कोतवाल'? कीर्तनाला जातो सांगून बावन्नखणीतल्या कलावंतिणींकडे वळणारे पुण्याचे ब्राह्मण. लावणी आणि अभंग एकाच श्वासात गाणारी माणसांची भिंत. मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला.

म्हणजे दोनेक वर्षांच्या आत तीन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट हाताळली: पांढरपेशा समाज आणि फड यांच्यामधली ती सीमा, तिची भीती, तिच्यापलीकडची ओढ. एकाने ती हसत सांगितली, एकाने शोकान्त केली, एकाने सत्तेच्या अंगाने मांडली. मला हा योगायोग वाटत नाही. खेड्यातून शहरात आलेला आणि शहरात राहून खेडं विसरू पाहणारा महाराष्ट्र त्या काळात स्वतःला हाच प्रश्न विचारत होता. आणि 'आता जरा अभिरुची बाजूला ठेवू' म्हणणारा निवेदक त्या तिन्ही कथांमधल्या गावकऱ्यांच्याच रांगेत उभा असतो.

मूळही एकच आहे. सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. लं.नी 'पुढारी पाहिजे' लिहिलं. त्याच कलापथकांतून निळूभाऊ आले, दादाही आले. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने दादांना नाव दिलं आणि 'सोंगाड्या'ही सबनिसांनीच लिहिला. तमाशाचा साचा घ्यायचा, गण-गौळणीतली मोकळीक घ्यायची आणि आजच्या राजकारणावर बोलायचं, ही रीत तिथे पक्की झाली होती. 'घाशीराम'मध्ये तेंडुलकरांनी तिच्यात दशावतार आणि खेळे मिसळले, भास्कर चंदावरकरांनी तिला संगीताची शिस्त दिली. चंदावरकर रविशंकरांकडे सतार शिकलेले, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. त्या विद्वान माणसाला ढोलकीचा कमीपणा वाटला नाही. १९७८ साली पु. लं.नी ब्रेख्तचं नाटक मराठीत आणलं तेव्हा नाव काय ठेवलं? 'तीन पैशाचा तमाशा'. त्यात नंदू भेंडेंसारखा रॉक गाणारा गायक होता. ज्यांना आपण वरच्या प्रवाहाचे मानतो, त्यांनी स्वतः ही वरखाली कधी मानली नाही.

कलेच्या द्वारपालांनाही ही वरखाली कळली नव्हती. 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळेना, बाळासाहेब ठाकऱ्यांना मध्ये पडावं लागलं. 'सखाराम बाइंडर'साठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. 'घाशीराम' पुण्यात एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं, आणि त्या धक्क्यातून थिएटर अ‍ॅकॅडमी उभी राहिली. तिघांनाही अडवताना सभ्यतेचंच कारण पुढे केलं गेलं.

दुसऱ्या टोकालाही मी जाणार नाही. लोकांना आवडलं म्हणून ते चांगलं, हा युक्तिवाद हल्ली जोरात आहे आणि तो तितकाच आळशी आहे. दादांचे नऊ चित्रपट लागोपाठ रौप्यमहोत्सवी झाले, ही नोंद मोठी खरी; पण नवव्यापर्यंत येता येता नाम्याचा भोळेपणा नुसती लकब होऊन उरला होता. 'सोंगाड्या'त विनोद माणसातून फुटतो, पुढे तो शब्दातून ओढून काढावा लागला. हे सांगायलाच हवं, आणि चित्रपटागणिक सांगायला हवं. सगळ्या दशकावर एकच शिक्का मारून ते सांगता येत नाही.

प्रेक्षक तर कधीच दुभंगलेला नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागलं. आमच्या वाड्यात एकच संच होता, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला, पोस्टात परवान्याचे पैसे भरून ठेवलेला. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट. जाजमावर पोरं, मागे बायका, दारात पुरुष उभे. माझी आजी सकाळी पुणे आकाशवाणीवर राम फाटकांनी बांधलेला, भीमसेनांनी गायलेला अभंग लागला की हातातली परात खाली ठेवायची. तीच आजी शनिवारी लावणी सुरू झाली की पदराआडून मांडीवर ठेका धरायची. तिला यात विसंगती दिसली नाही. बातम्या देणारी स्मिता पाटील ही पुण्यात वाढलेली मुलगी 'जैत रे जैत'मध्ये चिंधी झाली, तेव्हा आजीला ती आपल्याच वाड्यातली वाटली.

खरी रेघ दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. तमाशाच्या साच्यावर सगळ्यांनी उभं केलं: नाटकवाल्यांनी नाव, चित्रपटवाल्यांनी पैसा. ज्यांच्याकडून तो घेतला त्यांना काय मिळालं? नारायणगावच्या विठाबाई राष्ट्रपती पदकाच्या मानकरी, फडाची मालकीण, एका पिढीची सम्राज्ञी; तरी २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. दशक साजरं करताना आर्यभूषण थिएटरच्या बैठकीत वर्षानुवर्षं गायलेल्या, नाचलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव निवेदनात येत नाही. 'घाशीराम'वाले वरचे की 'सोंगाड्या'वाले, या वादात दोन्ही बाजूंना ज्यांचं देणं होतं ते लोक कायम बाहेर राहिले. अभिजात आणि बाजारू ही विभागणी मला एवढी खुपते ती म्हणूनच.

त्या कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांचे आभार मानले गेले. गायकांचे, निवेदकांचे, ध्वनिव्यवस्थेचे, सभागृहाच्या व्यवस्थापकांचेही. ढोलकीवाल्याचं नाव राहून गेलं. विचारावं म्हणून मी मागच्या दाराशी गेलो. तिथल्या मुलाने सांगितलं की त्यांना नऊ चाळीसची गाडी गाठायची होती, ढोलकी खांद्याला लावून ते केव्हाच गेले.