भूविज्ञानाची पहिली पायरी

१९७० च्या दशकात अमेरिकेतील लव्ह कॅनॉल वस्तीत जमिनीत पुरलेली रसायने तळघरांत झिरपली. शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. जमिनीखाली पाणी कुठून कुठे वाहते, याचाही अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे पर्यावरणीय भूविज्ञान.

तिथे या अभ्यासाची सुरुवात कम्युनिटी कॉलेजातही करता येते. विद्यापीठापेक्षा फी बरीच कमी. खडक-माती ओळखणे, नकाशे वाचणे, भूजल समजून घेणे हे पाठ इथेच गिरवता येतात. दोन वर्षांनी असोसिएट पदवी, पुढची दोन वर्षे विद्यापीठात.

मात्र कोणते विषय विद्यापीठ मान्य करील, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. नाहीतर तेच विषय पुन्हा शिकावे लागतात आणि वाचवलेला पैसा तिथेच खर्ची पडतो.