ईमानाला प्रयोगशाळेचा दाखला कशाला?

जलसा असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. विज्ञानाने आज जे शोधले, ते कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आहे! लगेच टाळ्या पडतात. उर्दू शाळेतली शिक्षिका म्हणून मला या टाळ्यांची धास्ती वाटते.

1976 साली मॉरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरचे बायबल, कुरआन आणि विज्ञान या विषयावरचे पुस्तक आले आणि या युक्तिवादाला परदेशी शिक्का मिळाला. विश्वाचा महास्फोट, गर्भाची वाढ, सारे आयतींत सापडू लागले. पण सापडते केव्हा? शोध लागल्यावर! आयत वाचून आधीच कोणी दुर्बीण का रोखली नाही?

विज्ञान स्वतःला दुरुस्त करते, हेच त्याचे बळ. विश्वाला आरंभच नाही, हा सिद्धांत 1950 च्या दशकात अनेक नामवंत शास्त्रज्ञांना पटत होता. 1965 साली आकाशात सर्वत्र भरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. मग त्याआधी नमाज पढणाऱ्यांचे ईमान कच्चे होते काय?

हा मोह केवळ आपलाच नाही. 1951 साली पोप बारावे पायस यांनाही महास्फोटात निर्मात्याची साक्ष दिसली. त्या सिद्धांताचे एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते, पण त्यांना हे रुचले नाही. श्रद्धा आणि संशोधन यांच्या वाटा त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

कोणी म्हणेल, पुरावा दिला नाही तर तरुण दीनपासून दूर जातील. उलट आहे! पुराव्याच्या खुंटीला टांगलेले ईमान खुंटी निघताच खाली येते. सूरह बकराच्या आरंभीच न दिसणाऱ्यावरच्या विश्वासाची, ईमान बिल-गैबची गोष्ट आहे. जे प्रयोगाने सिद्ध होते, ते मानायला ईमान कशाला लागते? लोखंड तापवले की प्रसरण पावते, हे मोमिनही मानतो आणि नास्तिकही.

ईमान ही बंदा आणि रब यांच्यातली बाब आहे. तिथे ना प्रयोगशाळेची साक्ष लागते, ना शेजाऱ्याची.

इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात प्रकाशाचे नियम प्रयोगांनी तपासले, टॉलेमीसारख्या थोरावरही शंका घेतल्या. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांची शंका मात्र मुलांना घेऊ देत नाही. सारे आधीच सापडले आहे असे ज्या मुलाला सांगितले, ते शोधायला कशाला उठेल?