लोकक्षोभ कीं शेजारधर्म?

राजकीय उलथापालथीच्या काळीं एक शब्द फार सोयीचा ठरतो. तो म्हणजे ‘लोकक्षोभ’. घर जळालें कीं तो लोकक्षोभ, माणूस मेला कीं तोहि लोकक्षोभ! सुशिक्षितांस तर हा शब्द विशेष प्रिय. कारण त्यानें अत्याचाराचा निषेधहि करावा लागत नाहीं आणि समर्थनाचा ठपकाहि येत नाहीं.

१९४८ चें उदाहरण घ्यावें. ३० जानेवारीस नथुराम गोडसे यानें महात्मा गांधींचा खून केला. खुनी ब्राह्मण, एवढ्यावरून पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत, कटाशीं ज्यांचा काडीइतकाहि संबंध नव्हता अशा ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. कित्येक कुटुंबें गांव सोडून कायमचीं शहरांत गेलीं. यास वणव्याची उपमा देतात. पण वणवा आडनांव विचारीत नाहीं! जो अग्नि दारें निवडून शिरतो, त्याच्यामागें बोट दाखविणारा मनुष्य असतोच.

लोकांचें दुःख खरें नव्हतें काय? होतें. पण साने गुरुजींचें दुःख कोणाहून उणें होतें? त्यांनीं २१ दिवसांचें उपोषण केलें; क्लेश स्वतःच्या देहास दिले, शेजाऱ्याच्या छपरास नव्हे. त्याच दिवसांत शेजाऱ्यांना धोका पत्करून आसरा देणारीं माणसेंहि निघालीं. त्यांच्या आठवणी अनेक कुटुंबांत अजून सांगितल्या जातात. क्षोभाची हवा त्यांच्याहि गांवीं होती. तिनें त्यांचे हात कां पेटले नाहींत?

तो शतकांच्या अन्यायाचा हिशेब होता, असें कोणी म्हणतील. अन्याय खराच, परंतु जातीकडे पाहून माणसास शिक्षा करणें हेंच तर त्या अन्यायाचें मूळ. तेंच हत्यार उचलून तो कसा फिटावा? आणि ज्यांचीं घरें जळालीं त्यांचीं नातवंडें आज एखाद्या सबंध जातीस दोषी धरतील, तर तींहि तोच न्याय पुढें चालवितील. करुणा म्हणजे मत सोडणें नव्हे. अपराध ज्याचा त्याच्याच पदरीं घालण्याइतकें डोकें ठिकाणावर ठेवणें होय.

राज्यें उलथणें आपल्या हातीं नसतें. पण जेवतांना मुलांदेखत ‘ते लोक’ म्हणावें, कीं अपराध करणाऱ्या एकाचेंच नांव घ्यावें, हें खास आपल्या हातीं असतें. दंगलीची शाळा तेथेंच भरते, शेजारधर्माचीहि.